दुर्गापूजेत कोलकाता : चाळीस मंडपांची यादी, आईचा उपास आणि हाती सहा दिवस

पत्र : आई (वय ६६) आणि मी यंदा दुर्गापूजेला नागपूरहून कोलकात्याला जाणार आहोत. दोघीही पहिल्यांदाच. पंचमीला सकाळी पोहोचायचं आणि दशमीला रात्री परतीची गाडी धरायची, असा बेत आहे. मी व्हिडिओ बघून चाळीस मंडपांची यादी केली आहे. शिवाय व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि मूर्ती घडवतात ते कुमोरटुली बघायचं आहे. मला मासे, बिर्याणी, फुचका, मिठाई सगळं खायचंय. आईचा मात्र नऊ दिवसांचा उपास असतो. घरचा घट वहिनी सांभाळणार आहे, पण उपास आई सोडणार नाही. तिचे गुडघेही दुखतात. राहायचं कुठे, फिरायचं कसं, आणि तिने खायचं काय?
– एक वाचक, नागपूर

नमस्कार ताई,

आधी यादीचं बघू. पूजेच्या संध्याकाळी एका मोठ्या मंडपाला रांगेसकट पाऊण तास धरावा लागतो. चाळीस मंडप म्हणजे तीस तास नुसते रांगेत, आणि एका मंडपाहून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ वेगळाच. व्हिडिओत हे मंडप एकामागून एक दिसतात, प्रत्यक्षात श्रीभूमी एका टोकाला आणि सुरुची संघ दुसऱ्या टोकाला. म्हणून मंडप निवडू नका, वस्ती निवडा. एका संध्याकाळी एकच पाडा, पायी. मग चार मोठ्या मंडपांच्या मधले गल्लीतले छोटे मंडप, ढाक वाजवणारे, घरासमोर खुर्च्या टाकून बसलेली माणसं हे सगळं आपोआप पदरात पडतं. यादीच्या मागे धावणाऱ्याला नेमकं हेच दिसत नाही. बारा-पंधरा मंडप नीट बघितलेत तर तुमची पूजा उत्तम झाली असं समजा.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि नवखी माणसं इथेच फसतात. सप्तमी, अष्टमी, नवमी या तीन दिवसांत शहर रात्री जागतं आणि सकाळी झोपतं. मेट्रोचं वेळापत्रकही त्याच हिशेबाने बदलतं. गेल्या काही वर्षांत या तीन दिवशी मुख्य, म्हणजे निळ्या मार्गावरची मेट्रो दुपारी एकच्या सुमारास सुरू होऊन पहाटे चारपर्यंत चालली आहे. सकाळी आठला स्टेशनवर गेलात तर कुलूप दिसेल. रस्त्यांचं याच्या उलट आहे : सकाळी मोकळे, दुपारनंतर पोलिसांनी वाहनांना बंद केलेले. तेव्हा सकाळी टॅक्सी आणि संध्याकाळी मेट्रो, एवढं पक्कं करून टाका. संध्याकाळी सातला ॲपवरून टॅक्सी बोलावलीत तर एक तर ती मिळणार नाही, आणि मिळालीच तर मंडपापासून दीड किलोमीटरवर उतरवून देईल. ते अंतर आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. यंदाचं मेट्रोचं पत्रक आणि कोलकाता पोलिसांचा पूजेचा नकाशा पूजेच्या आधी काही दिवस प्रसिद्ध होतो. दोन्ही फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क दम तोडतं.

राहायला निळ्या मार्गावरचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर असेल अशी जागा घ्या. दोघींचा विचार करता कालीघाट किंवा जतीन दास पार्क स्टेशनचा परिसर आम्ही सुचवू. कालीघाट स्टेशन रासबिहारी चौकात आहे. तिथून देशप्रिय पार्क, त्रिधारा, बादामतला आषाढ संघ, चेतला अग्रणी हे सगळे मंडप पायी गाठता येतात. आई दमल्या तर त्यांना खोलीवर सोडून तुम्ही पुन्हा बाहेर पडू शकता. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथे खोली मिळेल का, याची चौकशी आत्ताच करा. एस्प्लनेडजवळची हॉटेलं स्वस्त पडतात, पण मंडपांची मोठी गर्दी उत्तरेला आणि दक्षिणेला असते, त्यामुळे रोज दोन्ही वेळा प्रवास पडेल. खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, हे फोनवर विचाराच. जुन्या इमारतींचे जिने उभे असतात.

आता प्रेक्षणीय स्थळं. ही सप्तमीच्या आधी उरका. व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, पार्क स्ट्रीटजवळचं इंडियन म्युझियमही (स्थापना १८१४) सोमवारी बंद. तुमची पंचमी सोमवारी येत असेल तर व्हिक्टोरियाची फक्त बाग मिळेल. पूजेच्या सुट्यांत वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं बघायची असतील तर तीही पंचमीलाच, पुढे बरीचशी बंद असतात.

दक्षिणेश्वर आणि बेलूर षष्ठीच्या सकाळी. षष्ठीला मेट्रो सकाळपासून असते आणि २०२१ पासून ती थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. कालीघाटहून बसलात की गाडी बदलायची नाही. राणी रासमणींनी बांधलेलं हे मंदिर १८५५ सालचं. दर्शन घेऊन घाटावरून होडीने बेलूरला उतरा. दोन्ही ठिकाणी दुपारी मंदिर बंद असतं, तेव्हा साडेआठपर्यंत दक्षिणेश्वर गाठून साडेदहाच्या आत बेलूरला असायला हवं. बेलूरची दुर्गापूजा १९०१ साली स्वामी विवेकानंदांनी सुरू केली आणि अष्टमीला तिथली कुमारी पूजा प्रसिद्ध आहे. पण ती बघायला अष्टमीला जाऊ नका. गर्दी अफाट असते आणि बसायला जागा मिळत नाही.

कुमोरटुलीबद्दल थोडं निराश करावं लागेल. तिथल्या मूर्ती पूजेच्या आठवडाभर आधीपासून मंडपांत जायला लागतात, आणि पंचमी-षष्ठीला तुम्ही पोहोचाल तेव्हा दुर्गेच्या मूर्ती जवळपास संपलेल्या असतात. पुढच्या लक्ष्मी आणि काली पूजेच्या मूर्तींचे गवताचे सांगाडे आणि मातीचं काम मात्र दिसेल. शोभाबाजार सुतानुटी स्टेशनपासून जवळ आहे, म्हणून त्या बाजूला गेलात तर अर्धा तास द्या. त्यासाठी खास सकाळ घालवू नका. मूर्तीचे डोळे रंगवताना बघायचे असतील तर कधीतरी महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या आधी या.

सप्तमीची सकाळ आईंसाठी राखून ठेवा. पहाटे केळीच्या रोपाला गंगेवर स्नान घालून, साडी नेसवून मंडपात आणतात. नऊ वनस्पती एकत्र बांधलेल्या असतात, तिला नवपत्रिका म्हणतात. आपल्या घटातल्या धान्याशी तिचं नातं आईंना सांगावं लागणार नाही. बागबाजारच्या घाटावर हे बघायला मिळेल, पण साडेपाचला तिथे असावं लागेल. तिथून बागबाजार सार्वजनीनचा मंडप जवळ आहे. मूर्ती जुन्या घडणीची, एकाच चौकटीत सगळं कुटुंब, अंगावर डाकेर साज म्हणजे चांदीसारख्या पांढऱ्या दागिन्यांची सजावट. मग टॅक्सीने शोभाबाजार राजबाडी. नवकृष्ण देव यांनी १७५७ साली सुरू केलेली ही घरची पूजा आजही खांबांच्या ठाकुरदालनात होते. सकाळी तिथे शांतपणे उभं राहता येतं. चपला काढाव्या लागतात, म्हणून एक पिशवी जवळ ठेवा. फोटो काढत आत घुसू नका, ते कोणाचं तरी घर आहे. जुन्या घरांच्या पूजा बसने दाखवणाऱ्या सहली राज्य पर्यटन महामंडळ काढतं. आईंना बसूनच फिरायचं असेल तर तेच बरं, मात्र जागा लवकर भरतात.

कोणता मंडप सकाळी आणि कोणता रात्री, याचा ढोबळ नियम असा : मूर्ती आणि कारागिरी बघायची असेल तर सकाळ, रोषणाई बघायची असेल तर रात्र. बांबू, वेत, मातीच्या टाइल्स, कापड यांतून उभ्या केलेल्या ‘थीम’ मंडपांचं काम सकाळच्या उजेडात कळतं, आणि तेव्हा रांगही नसते. कॉलेज स्क्वेअरचा मंडप मात्र तळ्याकाठी आहे, दिव्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब अंधाराशिवाय नाही. तो षष्ठीच्या संध्याकाळी महात्मा गांधी रोड स्टेशनवर उतरून बघा, जोडीला महंमद अली पार्क. एकडालिया एव्हरग्रीन आणि सिंघी पार्क गडियाहाटला शेजारी शेजारी आहेत, तेही रात्रीचेच. तुम्ही एकट्या रात्री अकराला बाहेर पडलात तरी रस्ता बायका-मुलांनी भरलेला असतो. काळजी घ्यायची ती चेंगराचेंगरीची आणि पाकिटाची. बांबूच्या कठड्यांमधून रांग एकदा आत गेली की मागे फिरता येत नाही, म्हणून आईंना घेऊन संध्याकाळच्या रांगेत शिरण्याआधी पुढच्या माणसाला विचारा, बाहेर पडायला किती वेळ लागतो. स्वच्छतागृहाचा प्रश्न आधीच सोडवून निघा, जुन्या मेट्रो स्टेशनांवर त्याच्या भरवशावर राहू नये. हॉटेलचा पत्ता बंगालीत लिहून घेऊन तो कागद आईंच्या पर्समध्ये ठेवा, चुकामूक झाली तर भेटायची एक खूण ठरवा, आणि सुटे पैसे ठेवा, कारण नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. नवे बूट-चपला अजिबात नकोत. एखादी सर येतेच, छोटी छत्री घ्या.

अष्टमीला सकाळी कुठेही लांब जाऊ नका. हॉटेलजवळच्या मंडपात पुष्पांजली असते. अंजली होईपर्यंत बंगाली माणसंही उपाशी असतात, त्यामुळे आईंना तिथे घरच्यासारखं वाटेल. पुरोहित मंत्र सांगतात, हातात फुलं देतात, तीनदा वाहायची. कुणीही सामील होऊ शकतं. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४ मिनिटं मिळून संधिपूजा होते, १०८ कमळं आणि १०८ दिवे. ही वेळ दरवर्षी बदलते, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री येते. शिवाय बंगालात दोन पंचांगं चालतात आणि त्यांच्या वेळांत फरक पडतो. म्हणून ज्या मंडपात जाणार तिथल्या फलकावरचीच वेळ धरा, आणि अर्धा तास आधी जाऊन आईंना खुर्ची मिळवा. मागितली तर देतात.

आता उपास. इथे तयारी नागपुरातच करावी लागेल. भगर कोलकात्यात शोधत बसावं लागतं, ती घरूनच न्या. शेंदेलोण, शेंगदाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, राजगिऱ्याच्या लाह्या, बटाट्याचा उपासाचा चिवडा हेही सोबत असू द्या. साबुदाणा तिथे सहज मिळतो. शिंगाड्याचं आणि कुट्टूचं पीठ बडाबाजारात किंवा भवानीपूरच्या गुजराती-मारवाडी वस्तीतल्या दुकानांत मिळेल, तिथल्या मिठाईवाल्यांकडे या दिवसांत फराळाचे पदार्थही असतात. भवानीपूर तुमच्या मुक्कामाला लागूनच आहे. शिजवण्यासाठी छोटं स्वयंपाकघर असलेला गेस्ट हाउस मिळाला तर सगळा प्रश्न सुटतो, नाही तर हॉटेलवाल्यांना उकडलेले बटाटे आणि रताळी वेगळ्या भांड्यात करून देता का, हे आधी विचारा.

बाहेर आईंना हमखास चालेल ते शहाळं, तिथे डाब म्हणतात. फळं सगळीकडे. मिष्टी दोई म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर यांचं दही, त्यात राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या की पोटभर होतं. कॉलेज स्क्वेअरजवळ पॅरामाउंट नावाचं १९१८ पासूनचं सरबताचं दुकान आहे, तिथलं डाबाचं सरबत मलईसकट देतात. संदेश छेन्याचा असतो. फाटलेलं दूध उपासाला चालतं की नाही, हे घराघरावर आहे, ते आईच ठरवतील. चालत असेल तर साधा संदेश घ्या. रसगुल्ल्यात काही ठिकाणी रवा किंवा मैदा बांधायला घालतात, आणि पांतुआ, लेडीकेनी यांत पीठ असतंच, ते टाळा. भोग म्हणून खिचडी पुढे येईल, खूप आग्रहाने येईल. ‘उपास’ म्हटलं की कोणी रागावत नाही, फळांचा प्रसाद मागून घ्या. गुडघ्याची वेदनाशामक गोळी मात्र रिकाम्या पोटी घेऊ देऊ नका, दह्या-लाह्यांनंतरच.

आईंना एक धक्का बसू शकतो, त्याची कल्पना आधी द्या. नवरात्रात तिथे सर्रास मासे-मटण खातात आणि नवमीला तर मटण ठरलेलंच. त्यात देवीचा अनादर नाही. बंगाली माणसासाठी दुर्गा ही सासरहून लेकरांना घेऊन माहेरी आलेली लेक आहे, आणि माहेरी आलेल्या लेकीच्या निमित्ताने घर चांगलंचुंगलं खातं. आपल्या महालक्ष्म्याही माहेरवाशिणीच, आणि कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो, हे सांगितलंत तर आईंना ते परकं वाटणार नाही.

तुमच्या खाण्याबद्दल. सावजीची सवय असलेल्या जिभेला बंगाली डाळ-भाजी गोडसर लागेल आणि मोहरीचं तेल उग्र. पहिल्या दिवशी बेताने खा. सकाळी कचोरी आणि बटाट्याची रस्सा भाजी किंवा उडदाचं सारण भरलेली राधावल्लभी, नऊच्या आत, ताजी घाण्यातली. दुपारचं जेवण एकदा तरी ‘पाइस हॉटेल’मध्ये घ्या. रासबिहारीजवळचं तरुण निकेतन (१९१५) किंवा जानबाजारचं सिद्धेश्वरी आश्रम. तिथे थाळी नसते : भात, डाळ, भाजी, मासा, अगदी लिंबूसुद्धा वेगवेगळं मागायचं आणि वेगवेगळं मोजायचं. साडेबाराला जा, दोननंतर चांगले मासे संपतात. काट्यांची सवय नसेल तर भेटकी किंवा कोळंबीने सुरुवात करा, हिलशाचे काटे केसासारखे बारीक असतात आणि घाईत घशात अडकतात.

बिर्याणीत बटाटा आणि अंडं येईल, मसाला हलका असेल. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ साली कोलकात्याला येऊन मटियाबुर्जला राहिले, त्यांच्या स्वयंपाक्यांसोबत ही बिर्याणी आली असं मानतात. झणझणीतपणाची अपेक्षा ठेवून खाल्लीत तर निराश व्हाल, बटाट्यात मुरलेल्या रसाकडे लक्ष द्या. नावाजलेल्या हॉटेलांत अष्टमी-नवमीच्या रात्री दोन-दोन तास थांबावं लागतं, तेव्हा साडेअकराला किंवा चार वाजता जा. शोभाबाजारचं मित्र कॅफे चॉप-कटलेटसाठी ठीक, पण लक्षात ठेवा, व्हेज चॉपही बहुधा मासे तळलेल्याच तेलात तळलेला असतो. फुचका म्हणजे तिथली पाणीपुरी. त्यात रगडा नसतो, मसाला घालून कुस्करलेला बटाटा आणि चिंचेचं पाणी असतं. जिथे गर्दी आहे आणि पाणी झाकलेलं आहे, तिथेच खा, आणि नवमीनंतर खाऊ नका. पोट बिघडलं तर ते गाडीत बिघडेल. नोलेन गुडाचा संदेश कोणी पुढे केला तर घेऊ नका. खजुराचा तो ताजा गूळ थंडीत निघतो, ऑक्टोबरात मिळतो तो जुना किंवा नुसता वास लावलेला.

दशमीला दुपारी सवाष्णी देवीला शेंदूर लावतात आणि मग एकमेकींना. आईंना वाटलं तर सामील होऊ द्या, जुनी साडी नेसवा, चष्मा लावू द्या, शेंदूर डोळ्यांत जातो. त्यानंतर मात्र घाटावरचं विसर्जन बघण्याचा मोह आवरता घ्या. त्या संध्याकाळी नदीकडे जाणारे रस्ते मिरवणुकांनी भरतात आणि हावडा पुलाकडे टॅक्सी तासन्‌तास अडकते. सामानासह मेट्रोने एस्प्लनेड, तिथे गाडी बदलून हिरव्या मार्गाने नदीखालून हावडा. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर बोगद्यातून नदी पार करायला मिनिटसुद्धा लागत नाही. हावडा मेट्रो स्टेशन खूप खोल आहे, वर यायला लिफ्टची रांग लागेल, म्हणून गाडीच्या अडीच-तीन तास आधी निघा. दशमीच्या मेट्रोच्या वेळाही आधी बघून ठेवा.

तिकिटं ६० दिवस आधी उघडतात, आणि पूजेच्या दोन्ही बाजूंची ती सकाळीच संपतात. दोघींसाठी जाण्याचं आणि येण्याचं आरक्षण वेगवेगळ्या दिवशी उघडेल, दोन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरवर लावा. आईंना खालचा बर्थ मिळावा म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या खालच्या बर्थच्या कोट्यातून तिकीट काढा. परतताना मिठाई न्यायची असेल तर कडक पाकाचा संदेश घ्या, तो दोन दिवस टिकतो. मऊ संदेश त्याच दिवशी खायचा, आणि मिष्टी दोईचं मडकं गाडीत नेऊ नका, रायपूरच्या आधीच पाणी सुटतं.